आवाज नसलेला कॅमेरा

६ जून, मंगळवार

आजपासून कामावर. सकाळची पाळी. साडेसातला समुद्राच्या बंधाऱ्यावरच्या पंपघरात. भरती पहाटेच होऊन गेली होती, दुपारी पातळी एक मीटर दहा. दोन पंप चालू, तिसरा दुरुस्तीला. चारला सुटलो. घरी आलो तर लारस झोपली होती आणि बू, माझी सासू, तिच्याजवळ बसून तांदूळ निवडत होती.

"दूध प्याली, शी झाली, रडली नाही," बू म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

लारस एकोणीस दिवसांची झाली. तिच्या आईला, विंदार्तीला, जाऊन तेरा दिवस.

८ जून

सोलोहून एंडाहताईचा फोन. थोरली बहीण म्हणून तिला वाटेल ते बोलायची मुभा आहे, आणि ती घेतेही.

"अजून ती बाई घरात आहेच का?"

म्हटलं, विंदार्तीची आई आहे. लारसला सांभाळायला दुसरं कोण आहे?

"मी आहे. पोरीला माझ्याकडे सोलोला आण, दर रविवारी येऊन भेटत जा. जिनं स्वतःची मुलगी सांभाळली नाही, ती तुझी काय सांभाळणार? दोन तास, योगो. दोन तास बसली होती ती."

ताई चुकीचं बोलत नव्हती.

इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे रोज डोक्यात फिरणार नाही. २४ मे. बाळंतपणाला सहा दिवस झाले होते. दुपारी चारला विंदार्तीला रक्त जायला लागलं. सहाला बूनं शेजारच्या जुमिनाहबाईंना हाक मारली, त्यांच्या मुलानं गाडी काढली. दवाखान्यात पोचायला साडेसहा. मी दुपारच्या पाळीला पंपावर होतो. वर्षातली सगळ्यांत मोठी भरती, बंधाऱ्यावरून पाणी आत येत होतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन तास आधी आणलं असतं तर.

चार ते सहा बू काय करत होती? पोट चोळत होती. हळद-आलं वाटून जामू करत होती. गावाकडे करतात ते सगळं.

ताईनं तेव्हाही विचारलं होतं, "तुला कळवलं कधी?" मी म्हणालो होतो, सहानंतर.

९ जून

बूला कुणी काही म्हटलं की ती मान खाली घालून एवढंच म्हणते, "माझंच चुकलं." नमाजाला आलेल्या बायकांसमोर, ताईसमोर, माझ्यासमोर. रडणं नाही, वाद नाही. याचाच जास्त संताप येतो. भांडली असती तर मला बोलता तरी आलं असतं.

१० जून, शनिवार

ठरलं. दोन जुलैला विंदार्तीचं चाळिसावं. ते झालं की बूला वोनोगिरीला तिच्या गावी पाठवायचं. लारस सोलोला. तोवर खोलीत कॅमेरा लावायचा. सोमवारपासून माझी दुपारची पाळी, दोन ते दहा. आठ तास पोर हिच्या हातात. काही चुकलं तर मला दिसायला हवं. आणि दिसलं तर कुणी मला असं म्हणू शकणार नाही की म्हातारीला उगाच हाकललं.

असं लिहिलं की वाईट दिसतं. पण खरं आहे.

११ जून

बाजारात गेलो. को सुसांतोच्या दुकानात भिंतभर कॅमेरे. पंपघराचे त्यानंच बसवलेत, त्यामुळे ओळख आहे.

"बाळ बघायचंय की माणूस?" त्यानं विचारलं.

म्हटलं, बाळ.

"मग हा घ्या. मान फिरवतो, आवाज ऐकवतो, इकडून तुम्ही बोललात तर तिकडे बाळाला ऐकू जातं. आया हाच नेतात."

मला नको होता. फिरणारी वस्तू लवकर बिघडते. आमच्या पंपघरातला कॅमेरा सात वर्षं एकाच मोजपट्टीवर रोखलेला आहे, त्यात कधी खोट निघाली नाही. आवाजाचं काय करायचं? पाणी बोलत नाही. किती चढलं, किती उतरलं, एवढं स्वच्छ दिसलं की काम झालं. मी साधा, एका जागी रोखलेला, अंधारातही स्वच्छ दिसणारा घेतला. आवाज नसलेला.

"योगोसाहेब, पोर म्हणजे मोजपट्टी नाही," को सुसांतो पुडकं बांधताना म्हणाला. पोरींचा बाप आहे, बोलतो. माझ्या घरी काय झालं ते त्याला माहीत असावं, कारण नंतर उगाच पुडक्याला दोनदा चिकटपट्टी लावली.

१२ जून

कॅमेरा बसवला. भिंतीवर उंच, नेम पाळण्यावर. बू दारात उभी राहून बघत होती.

"यातून तुम्हाला तिकडे दिसणार?"

हो म्हटलं. फक्त दिसतं, ऐकू येत नाही.

"बरं झालं. तुमचा जीव पोरीत अडकून राहतो. आता निवांत काम कराल." आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जणू कुणी पाहुणा आलाय.

तिला कळलंच नाही की तो तिच्यासाठी आहे. किंवा कळलं. तिचं काही कळत नाही.

१४ जून

एका पडद्यावर पाणी, हातातल्या फोनवर लारस.

दूध पाजून झालं की बू बाटली उचलून कॅमेऱ्यासमोर धरते, किती उरलंय ते बोटानं दाखवते. लंगोट बदलला की तोही. स्वतः जेवली की रिकामी ताटली! तेम्पेचा तुकडा उरला होता तर तोही दाखवला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पुरावे देते मला. तेव्हा कुठे गेली होती ही हुशारी?

१५ जून

सव्वापाच ते सहा पाळणा रिकामा. पाऊण तास. बूसुद्धा दिसत नाही.

१६ जून

आजही. सव्वापाचला तिला उचललं, चौकटीबाहेर गेली, ती अजान होऊन गेल्यावर परत आली. मी घरी फोन केला, उचलला नाही. फोन स्वयंपाकघरात राहतो तिचा.

दिवेलागणीला तान्हं पोर खाली ठेवायचं नाही, मांडीवर घेऊन बसायचं, हे मला माहीत आहे. मीही इथलाच. आमची आई तेच करायची. पण मांडीवर घ्यायचं तर पाळण्याजवळ बसून घे. मला दिसेल असं. बरोबर तेवढाच वेळ बाहेर का जायचं?

परतली तेव्हा डोळे पुसत होती. आणि ओठ हलत होते. लारसला काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल? एवढ्याशा पोरीच्या कानात माझ्याविषयी काय भरवते?

१७ जून

सुट्टी होती म्हणून ताई आली. फाटकातच, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं, "चाळिसावं झालं की पाठवून दे हं, आता मन बदलू नकोस." आत आली तर कोपऱ्यात बूची कापडी पिशवी. एक महिना झाला, तिचे कपडे त्या पिशवीतच आहेत. कपाट विंदार्तीचं आहे, ते मी उघडलेलं नाही, तिनं मागितलं नाही.

"बघ," ताई म्हणाली, "सामानसुद्धा सोडलेलं नाही. पाठवायला सोपं."

बू आतून चहा घेऊन आली. ताईच्या कपात साखर जास्त, तिला लागते तशी. ताईनं कप उचलला नाही.

१९ जून

रिकामा पाळणा. पाऊण तास. आज पाळीत मोजपट्टीचं एक वाचन चुकीचं लिहिलं, सात वर्षांत पहिल्यांदा. नंतर खोडून दुरुस्त केलं.

२० जून

जाताना वाटेत को सुसांतोकडे. जुना कॅमेरा परत दिला. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधीच म्हणाला, "म्हणजे आता माणूस बघायचाय."

फिरणारा घेतला. आवाज येणारा. त्यानं पैसे वळते करून घेतले आणि वर एकच म्हणाला, "ऐकायचं असेल तर मग सगळं ऐकावं लागतं. मधेच बंद करून चालत नाही." दुकानदार आहे, त्याला काय.

उद्या सकाळी पाळीच्या आधी बसवतो. बाहेरून जुन्यासारखाच दिसतो. बूला वेगळं सांगण्याची गरज नाही.

२१ जून

सव्वापाचला मान फिरवली. आधी खिडकी, मग दार, मग खाली.

ती कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसली होती. भिंतीला टेकून, पाय पसरून, लारस मांडीवर. एवढे दिवस मी जिथून बघत होतो त्याच्याच खाली. दारातून वारा लागतो, खिडकीत डास, म्हणून ती जागा असणार. जुन्या कॅमेऱ्याला पायाखालचं दिसत नव्हतं.

विंदार्ती लहानपणी कशी होती ते सांगत होती. भाताच्या खाचरात बेडकं कशी धरायची, शाळेत पहिल्या दिवशी बाकाला कशी चिकटून बसली. माझं नाव एकदा आलं. "आणि मग तुझा बाबा पाण्याची पट्टी मोजायला आमच्या कालव्यावर आला. चिखलात एक बूट गेला त्याचा. तुझी आई आठ दिवस हसत होती."

मी आवाज बंद केला. मग पुन्हा चालू केला.

२२ जून

राग गेलेला नाही. गोष्टी सांगितल्या म्हणून दोन तास भरून येत नाहीत.

२६ जून, सोमवार

संध्याकाळी जुमिनाहबाई आल्या होत्या. बू नेहमीच्या जागी, लारस मांडीवर. दोघींचं जे ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहितो.

"द्या इकडे पोर. कंबर मोडेल तुमची."

"अजान होऊ दे. कंबर आधीच मोडलीय, आता नवीन काय मोडणार?"

"चाळिसावं झालं की तुम्हाला पाठवणार म्हणे. त्याची बहीण फाटकात ओरडत होती."

"पाठवू दे. घर त्यांचं."

"आणि तुम्ही ऐकून घ्या! दोन तास, दोन तास करून सगळी गल्ली तुमच्या नावानं बोलते. मी त्या दिवशी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते, बू. विंदार्ती फोनवर बोलत होती. ऐकलंय मी."

"मैत्रिणीशी बोलली असेल."

"मैत्रिणीला कुणी विचारतं का, तुम्ही कधी येताय म्हणून?"

लारसच्या कानावर बूनं हात ठेवला होता, ते दिसत होतं.

"जुमिनाह, फोन झाला नाही. उशीर मी केला. मी अडाणी बाई, मला समजलं नाही. पोरीला मोठेपणी एवढंच कळू दे. आई तर गेली तिची. बाप तरी अख्खा राहू दे."

तेवढ्यात तिसऱ्या पंपाची घंटा वाजली. उठून गेलो. पातळी एक मीटर चाळीस, तसं काळजीचं काही नव्हतं.

२७ जून

फोन झाला होता. चार वाजून सात मिनिटांनी, सव्वा मिनिट बोलणं. नोंद अजून आहे, पुसलेली नाही. विंदार्ती म्हणाली, रक्त जास्त जातंय, तुम्ही कधी येताय? मी म्हणालो, या दिवसांत जातंच. गाडी बोलावू नकोस, गल्लीत पाणी आहे. बूला पोट चोळायला सांग, जामू घे. पाणी उतरलं की येतो. सहाला तिची शुद्ध गेली तेव्हा बू माझं न ऐकता गुडघाभर पाण्यातून हाक मारायला गेली.

आज रजा घेतली. बू लारसला घेऊन लसीला गेली आहे. कॅमेऱ्याची वायर काढली. विंदार्तीचं कपाट उघडून खालचा कप्पा रिकामा केला. मग बूच्या पिशवीतले कपडे काढून घड्या घातल्या आणि एकेक करून तिथे ठेवले.