पाव फेरा जास्त

८ जानेवारी १९६१, रविवार
माझे नऊ बोल्ट आज बाद झाले.
माधूने नवा माणूस आणलाय. सेल्वराज. पापनाशमचा. विमानदलात फिटर होता, आता गावी शेती बघतो. तीन वर्षं त्या बंद भातगिरणीत आम्ही दोघंच होतो. नकाशे आणि लाकूड माधूमास्तरचं, लोखंड माझं. एका माणसाचं लहानसं विमान, पण सगळं आमच्या हातचं. आज तिसरा आला.
त्याने माझा एक नट सोडवला, बोल्ट हातात घेतला आणि नट बोटांनी फिरवून दाखवला. अर्ध्यापर्यंत सरसर गेला, तिथे अडकला. म्हणाला, “अण्णा, इथे आटे ताणलेत. फार आवळला की बोल्ट लांबतो. आज दिसत नाही, वर गेल्यावर तुटतो.”
मी म्हटलं, बावीस वर्षं बसची चाकं आवळतोय, एक निघालं नाही.
“बसचा बोल्ट अंगठ्याएवढा असतो अण्णा. हा करंगळीएवढापण नाही.”
उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. माधू एवढंच म्हणाला, “काढ सगळे.” माझ्याकडे न बघता.

१५ जाने., रवि.
पोंगलची सुट्टी, तरी से. पहिल्या बसने हजर. त्याच्याकडे काटेवाला पाना आहे. दांड्यावर पट्टी, पट्टीवर आकडे. जोर लावला की काटा सरकतो, ठरल्या आकड्यावर थांबायचं. हाताने काही ठरवायचंच नाही. मग हात काशाला?
तरी ऐकलं सगळं. नट फिरवायचा, बोल्टचं डोकं नाही. आट्यांना तेल लागलं तर पुसायचं, नाहीतर त्याच आकड्याला जास्त आवळला जातो. घट्ट बसणारा नट नुसता फिरवायला जो जोर लागतो, तो आधी मोजून आकड्यात मिळवायचा. झालं की नट आणि त्याखालच्या लोखंडी पट्टीवर मिळून एक लाल रेघ. रेघ मोडली म्हणजे नट हलला.
सगळं पटलं. त्याचाच जास्त राग.

२२ जाने., रवि.
माधू सेल्वराजशी तमिळमध्ये बोलतो, माझ्याशी आमच्या घरच्या मराठीत. पूर्वी मला हे चांगलं वाटायचं. आमच्या दोघांचं असं काहीतरी. आज ते दोघं इतके हसत होते की मला वाटलं, मराठी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलायची भाषा.
माधूने त्याला छत्रीची गोष्ट सांगितली. आम्ही दहा वर्षांचे असताना वडिलांची छत्री उघडून शिवगंगा तळ्याच्या पायऱ्यांवरून मारलेली उडी. माझा पाय मोडला. त्याने घरी खोटं सांगितलं, मीही तेच सांगितलं. ही गोष्ट मी कमलालासुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितली.
से. म्हणाला, “मग विमान तेव्हाच सुरू झालं म्हणा.” मा. म्हणाला, “खरं आहे.” मला हे कधी सुचलं नाही.

१२ फेब्रु., रवि.
इंजिन पहिल्यांदा चालू करायचं तेव्हा पंखा हाताने फिरवायचा मान माझा होता. तीन वर्षांपूर्वी ठरलेलं. आज मा. सहज म्हणाला, “ते सेल्वराज करेल, त्याला सवय आहे. चूक झाली तर हात जातो.”
सरि, म्हटलं. बरं.
घरी कमला म्हणाली, “अहो, ताटातलं चिवडता काशाला? त्याने दुसरा मित्र केला म्हणून तुम्ही मेलात का?”  

५ मार्च, रवि.
लिहू की नको.
दुपारी ते दोघं जेवायला मा.कडे गेले. मलाही बोलावलं होतं, भूक नाही म्हणालो. गिरणीत एकटा. डाव्या पंखाचा लाकडी कणा विमानाच्या अंगाला जोडणारे बोल्ट से.ने सकाळीच आवळलेले, रेघा ताज्या. माझा जुना पाना लावून बघितला. नुसतं बघायला. हाताला ढिला वाटला. खरंच वाटला? की वाटावासा होता?
पाव फेरा दिला. शेजारच्यालाही पाव फेरा. आतून बारीक कुरकुर आली, लाकडाची. रेघा मोडल्या. त्या पुसल्या, नव्या ओढल्या. रंगाचा डबा उघडाच होता.
ते आल्यावर मी झाडत होतो.

१२ मार्च, रवि.
से.ने सगळे नट पुन्हा तपासले. मला घाम. पण त्याचा पाना कमी आवळलेलं दाखवतो, जास्त झालेलं दाखवत नाही. काटा आकड्यावर गेला, नट हलला नाही, म्हणजे बरोबर. मग मा.समोर म्हणाला, “उजवीकडचे अण्णांनी आवळलेत. एक बदलावा लागला नाही. हाताला माप आलंय.”
मा.ने माझ्या पाठीवर थाप मारली. किती महिन्यांनी.

१९ मार्च, रवि.
दोन आठवड्यांनी मद्रासहून तपासनीस येणार. तो हो म्हणाला की जुन्या धावपट्टीवर न्यायचं. मा. आत बसून दांडा हलवत होता. चाळिशी लावलेला माणूस, पण चेहरा छत्रीच्या वेळचा.
पंख त्याला धरून ठेवणार. माझे दोन बोल्ट पंखाला.

२२ मार्च, बुध.
रजा टाकून पापनाशम. मा.कडे जायला निघालो होतो, पण पाय बसस्टँडवर गेले. से. अंगणात भात वाळवत होता. त्याच्या आईने ताक दिलं. ते हातात धरूनच सांगितलं.
“कुठले दोन?”
सांगितलं.
“किती?”
“पाव फेरा.”
“आवाज आला?”
“लाकडाचा.”
का केलं ते विचारलं नाही. त्याला ते आधीपासून माहीत असावं. पायात चपला घातल्या आणि म्हणाला, “चला. सार शाळेत असतील.” माधूला तो सार म्हणतो, मास्तर म्हणून.
गिरणीत बोल्ट काढले. एक ताणलेला. दुसऱ्याखालची लोखंडी पट्टी लाकडात रुतलेली, कडेला तंतू दबलेले. से. बराच वेळ नखाने चाचपत होता. मी म्हटलं, नवे बोल्ट घाल, मोठी पट्टी लाव, माधूला कळायला नको. तो म्हणाला, “बोल्ट मी बदलेन. कण्याचं ठरवायचं सारनी. आत बसणार ते. आणि मी सांगणार नाही अण्णा, तुम्ही सांगायचं.”
याच्या जागी मी असतो तर एव्हाना धावत शाळेत गेलो असतो.

२६ मार्च, रवि.
सांगितलं. से. मुद्दाम आला नाही.
मा. रुतलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिला. वाटलं, ओरडेल. कणा नवा करायचा म्हणजे पंख उघडायचा, कापड फाडायचं, वर्ष जाणार. तपासनिसाला नको म्हणून कळवावं लागणार. त्याने विचारलं ते वेगळंच.
“सेल्वराजला कधी सांगितलंस?”
“बुधवारी.”
“म्हणजे आधी त्याला.”
मी म्हटलं, त्याला बोल्टमधलं कळतं.
“पाय मोडला तेव्हा आधी कोणाला सांगितलं होतंस?”
त्यालाच, घरच्यांच्याही आधी.
मग त्याने गिरणीला कुलूप लावलं. मी बाहेर होतो की आत, हेसुद्धा बघितलं नाही. बाहेर होतो.
रस्त्याने येताना एक लाज वाटण्यासारखी गोष्ट झाली. मला बरं वाटलं. त्याला लागलं म्हणून.

२ एप्रिल, रवि.
आठवडाभर निरोप नाही. दोनदा शाळेवरून गेलो, दोनदा तसाच पुढे.
आत्ता सकाळी से. दारात. हातात पान्याची पेटी. “पंख आज उघडायचाय. चला.”
“माधूने पाठवलं?”
“ते मला विचारू नका अण्णा.”
म्हणजे पाठवलं नसेल. किंवा पाठवलं असेल आणि सांगू नको म्हणाला असेल. माधू तसा आहे. हा माणूस तीन महिन्यांत तेवढं ओळखतो का, ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायला जावंसं वाटतं, आणि त्याच्या मागून जावंसं वाटत नाही.
कमलाने त्याला कॉफी दिली. तो ओसरीवर बसून पितोय. घाई करत नाही. मी आत शर्ट शोधायला म्हणून आलो आणि हे लिहितोय.