दादाशी माझं साम्य

२ एप्रिल
दादाला जाऊन दोन महिने झाले. आज वहिनींनी स्पष्टच सांगितलं, की दादाचा ग्रंथालयांचा प्रोग्राम यापुढे पोनीटेल सांभाळेल. पोनीटेल म्हणजे दादाची जुनी विद्यार्थिनी. हुशार आहे, पण कालची पोर. मी म्हणालो, वहिनी, प्रोग्राम एकट्या दादाचा नाही. स्क्रीनवर दोघांचं नाव येतं. दादा स्वतः सगळ्यांना सांगायचा, आम्ही दोघा भावांनी लिहिलाय. निम्मा माझा आहे, तर सांभाळायचा हक्कही माझा. वहिनी म्हणाल्या, बरं भाऊजी, मग तो वापरणारी चौदाही ग्रंथालयं तुमची. आधी ग्रंथपाल बाईंचा फोन घ्या.

३ एप्रिल
फोन घेतला. परत आलेलं पुस्तक परत आलं हे प्रोग्राम मानायलाच तयार नाही. सगळी पुस्तकं वाचकांकडेच दिसतात. बाई वहीत नोंदी करतायत. सांगितलं, किरकोळ आहे, दोन दिवसांत करतो.

पण त्याआधी महत्त्वाचं काम. मी ‘निम्मा’ म्हणालो तेव्हा वहिनींचा चेहरा मला आवडला नाही. वाद नको, पुरावा हवा. एक छोटा प्रोग्राम लिहितो. एका बाजूला माझ्या जुन्या फाइली, दुसऱ्या बाजूला दादाच्या एकशे बारा. ओळीला ओळ ताडायची आणि साम्य टक्क्यांत सांगायचं. माझा अंदाज पन्नास. नम्रपणे पंचेचाळीस धरतो. वेळ: एक रविवार.

७ एप्रिल, रविवार
जुन्या फाइलींची सीडी शोधण्यात दिवस गेला. ही म्हणाली, माळ्यावर बघा. मी बाकी सगळीकडे बघितलं. माळ्यावर होती.

बावीस वर्षांपूर्वीची, माझ्या अकरा फाइली. एकशे बाराचे निम्मे अकरा होत नाहीत, हे मान्य. पण मी आधीपासूनच मोजकं लिहितो.

१० एप्रिल, संध्या. ६.४०
चालला! १०० टक्के! एकूण एक फाइल! एवढी अपेक्षा मलाही नव्हती. वहिनींना लगेच फोन करून कळवलं. दादाने मग स्वतः लिहिलं तरी काय, असं वाटून जरा वाईट वाटलं.

७.१५
प्रोग्राम प्रत्येक फाइल तिच्या स्वतःशीच ताडून बघत होता. वहिनींना पुन्हा फोन केला नाही. जेवणाची वेळ असते.

११ एप्रिल
दुरुस्ती केली. ३ टक्के. साहजिक आहे. दादाने नावं बदलली असणार. तो ‘पुस्तक’ असं अख्खं लिहायचा, मी नुसतं ‘प’. नावांकडे दुर्लक्ष करायला हवं.

ग्रंथपाल बाईंचा फोन. हिला म्हटलं, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग. हिने सांगितलं, मीटिंगमध्ये आहेत, गादीवर.

१४ एप्रिल, रविवार
नावं वगळून ९ टक्के. ओळींचा क्रमही वगळला. ३१! योग्य दिशेने चाललोय.

ही म्हणते, तुम्ही त्या प्रोग्रामवर तीनच महिने काम केलंत. हे अर्धसत्य आहे. नोकरी लागली म्हणून मी थोडा बाजूला झालो. बावीस वर्षं. मनाने तिथेच होतो. नवी आवृत्ती तयार झाली की दादाचा फोन यायचा, ये रे बघायला. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. आता रविवार मोकळे असतात. फार मोकळे.

१८ एप्रिल
कंस आणि अर्धविराम तेवढे ठेवले, बाकी सगळं वगळलं. ८८ टक्के. माणसाचा खरा स्वभाव कंसात दिसतो.

हिने कुठून तरी एका अनोळखी माणसाचा पार्किंगचा प्रोग्राम डाउनलोड करून दिला, म्हणाली, हा लावून बघा. ९१ टक्के. म्हणाली, हासुद्धा तुम्हीच लिहिलात होय, कधी बोलला नाहीत ते. मी तीन तास अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नाही.

ग्रंथपाल बाईंची दुसरी वही सुरू झाली.

२१ एप्रिल, रविवार
मनाचा हिय्या केला. सगळ्या सवलती काढल्या. नावं वगळली, कारण ते न्यायाचं आहे. बाकी काही नाही. एकेक फाइल वेगळी मोजली. शून्य. दोन. शून्य. चार. शून्य. उठून पाणी प्यायलो. शून्य.

आणि मग एक फाइल. ‘शोध’. १०० टक्के! स्वतःशीच तर ताडत नाही ना, म्हणून तीनदा तपासलं. नाही. डोक्यावर माझं नाव, माझी तारीख. बावीस वर्षांत दादाने त्यातलं अक्षरही बदललं नाही. बदलायची गरजच पडली नाही! पुस्तक शोधणं हाच तर ग्रंथालयाचा प्राण. निम्मा नसेन, पण प्राण मी आहे. उद्या वहिनींना प्रत्यक्ष दाखवतो. पोनीटेललाही बोलावलंय. शिकेल.

२२ एप्रिल
दादाच्या खोलीत गेलो. त्याच्या खुर्चीत बसलो. त्या दोघी मागे उभ्या. मी म्हणालो, बघा हं, ही एवढी एक फाइल काढतो, आणि अख्खा डोलारा कोसळतो की नाही ते सांगा.

काढली. प्रोग्राम सुरू केला. पुस्तक शोधलं. सापडलं. दुसरं शोधलं. तेही सापडलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. तरी सापडलं.

पोनीटेल हळू आवाजात बोलली. म्हणाली, काका, ही फाइल प्रोग्राम वापरतच नाही. नुसती ठेवलेली आहे. शोधायचं काम सरांनी फार पूर्वीच दुसरीकडे नव्याने लिहिलंय.

मी विचारलं, मग ही ठेवली कशाला.

उत्तर वहिनींनी दिलं. नवी आवृत्ती करायला बसले की हे सगळ्यात आधी ही फाइल कॉपी करायचे. वहिनींनी एकदा विचारलं होतं, लागत नाही तर कशाला. तर दादा म्हणाला, धाकटा परत आला की त्याला आपलं ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. म्हणजे तिथून सुरुवात करेल.

बावीस वर्षं तो वाट बघत होता आणि मला वाटत होतं, की मी त्याच्या कामाचा आहे.

फाइल जागेवर परत ठेवली. दोनदा चुकीच्या जागी पडली. मग खुर्चीतून उठलो आणि पोनीटेलला म्हटलं, बस. प्रोग्राम तुझ्याकडे. तिने वीस मिनिटांत प्रोग्रामला पुस्तकं परत घ्यायला लावली.

२८ एप्रिल, रविवार
साम्य मोजायचा प्रोग्राम पुसून टाकला. दादाने नव्याने लिहिलेली शोधायची फाइल उघडली. मोजायला नाही, वाचायला. पहिल्या तीन ओळी समजल्या. किती स्वच्छ लिहायचा. चौथीला अडलो. दादालाच विचारू म्हणून फोन लावला.

रिंग वाजायला लागल्यावर लक्षात आलं. ठेवणार तेवढ्यात वहिनींनी उचलला. त्याचा फोन त्या अजून चार्ज करून ठेवतात. म्हणाल्या, बोला भाऊजी. मी नुसता रडत राहिलो. त्यांनीही फोन ठेवला नाही.