दुसरी मूठ

माय, शाळेत आम्हांला ‘आई’ असे लिहायला शिकवले, पण तुला तशी हाक मी कधी मारली नाही, म्हणून इथेही मारत नाही. मागच्या रविवारी इथल्या, चिखलीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायांनी मुठीचे धान्य पुन्हा सुरू करायचे ठरवले. प्रत्येकीला एकेक गाडगे दिले. दळायला बसण्याआधी ज्वारीतली एक मूठ देवासाठी बाजूला टाकायची आणि महिनाअखेर देवळात न्यायची, तुझ्या घरी होते तसेच. आज सकाळी मी मूठ भरून गाडग्यावर धरली आणि हात तिथेच राहिला. दवाखान्यात कामावर जायला उशीर झाला. मला उशीर होत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी काही विचारले नाही.

डोणगावच्या आपल्या स्वयंपाकघरात मी सहा-सात वर्षांची आहे. तू जात्यापाशी बसली आहेस, सुपात ज्वारी आहे, आणि देवाची मूठ टाकायचा मान आज पहिल्यांदा मला मिळाला आहे. मी सगळा जीव लावून मूठ आवळते आणि गाडग्यापर्यंत नेईतो निम्मे दाणे बोटांच्या फटींतून जमिनीवर सांडतात. तू हसतेस. “अवं, जवारी हाये ते, पाखरू नाही. उडून नाही जात. पंजा सैल ठेव, मंग जास्त मावते.” बाबा दारात शाळेच्या पाट्या पुसत बसले आहेत. ते म्हणतात, “मास्तराची पोर अन् मुठीचं गणित येत नाही.” ते गणित मला त्या दिवशी आले. पुढे नागपूरला कंपाउंडरी शिकताना औषधे तोलायची मापे शिकले, पण ते पहिले माप तू दिलेले होते. ते मी विसरले असे मला म्हणता येणार नाही.

बाबा गेले तेव्हा मी नागपुरात होते. गावातल्या दोन भावांचा शेताच्या धुऱ्यावरून तंटा पेटला आणि बाबा मध्ये पडले. धाकट्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो बाबांच्या रात्रीच्या शाळेत अक्षरे गिरवायला यायचा. आपल्या घराची कौले त्यानेच चाळून दिली होती. मी अकोल्याच्या कोर्टात डॉक्टरची साक्ष ऐकली. पहिला घाव खांद्यावर होता. तो भावासाठी उगारलेला होता आणि चुकून बाबांना बसला, असे सगळे साक्षीदार म्हणाले. दुसरा घाव बाबा खाली पडल्यावर घातलेला होता. काऊन घातला, असे वकिलाने विचारले तेव्हा तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “घातला.” पुढे त्याला काही सांगता आले नाही. त्याला जन्मठेप झाली. मी घरी आले ते एवढेच घेऊन: पहिला घाव चूक असू शकतो, दुसरा असू शकत नाही. पाळकबाबा तुझ्यासमोर बसून म्हणाले होते की जे त्या माणसात उठले त्याचे बी आपल्या प्रत्येकात आहे आणि म्हणूनच आपल्याला तारणारा लागतो. मला राग आला. त्यांनी जखमा पाहिल्या नाहीत, असे मी मनात म्हटले. माझ्यात तसले काही नाही, हे मला अगदी स्वच्छ दिसत होते.

तू काय केलेस, तर देवाच्या गाडग्याशेजारी चहाचा एक रिकामा डबा ठेवलास आणि रोज त्यात दुसरी मूठ टाकू लागलीस. त्या धाकट्याच्या बायकोला सासरच्यांनी दोन लेकरांसकट घराबाहेर काढले होते आणि गावात तिला कामाला कोणी सांगत नव्हते. दर रविवारी देवळातून आल्यावर तू तो डबा तिच्या झोपडीत नेऊन देत होतीस. देवळाच्या पायरीवर एक बाई तुला टोचून बोललीच. “मास्तरीणबाई, नवऱ्याले मारनाऱ्याले पोसून राह्यल्या का?” तू चप्पल पायात घालता घालता म्हणालीस, “त्याले तं सरकार पोसते. मी लेकरायले देऊन राह्यली.” मी घरी आल्यावर विचारले, “माय, तू त्याले माफ केलं का?” तू जाते झाडत होतीस. “मले नाही मालूम. सकाळी उठल्यावर तं नाही वाटत. मूठ टाकली का जरासं वाटते. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका लागते.” मला ते उत्तर अपुरे वाटले. आता वाटते की सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या औषधासारखे ते होते, आणि माझा धंदा तोच असून मला ते ओळखता आले नाही.

मग तुझी उजवी बाजू गेली. बोलणे गेले. मी डोणगावच्या दवाखान्यात काम मागून घेतले आणि घर पाहू लागले. तुझी बाज स्वयंपाकघरातच होती. देवाची मूठ मी सैल हाताने टाकत होते. डब्यातली मूठ आवळून टाकत होते. मूठ टाकली नाही असे कोणी म्हणू नये, एवढीच काळजी मी घेतली. रविवारी डबा तिच्या दारात ठेवायचा आणि न बोलता परत यायचे, असे महिनाभर चालले. तुझ्या डब्यात त्या घराच्या रविवारच्या चार भाकरी होत असत. माझ्या डब्यात दोन. लेकरे दोन होती. ती स्वतः काय खात होती, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

एका दुपारी ती आपल्या मागच्या दाराशी उभी आहे. पदरात काहीतरी बांधलेले आहे. आत येत नाही. “मास्तरीणबाईची मूठ आटली वं बाई. डबा उचलला का मले समजते. तुमच्याच घरात कमी पडून राह्यलं, अन् आमाले देऊन राह्यल्या. हे सरव्याची जवारी हाये, मी वावरातून वेचलेली. बिमार मानूस हाये, त्यायले भाकर करून घाला.” मी म्हटले, “बरं.” पातेले पुढे केले, तिने पदर मोकळा केला, मी दार लावले. तू बाजेवरून पाहत होतीस. मी सांगितले, “भाजीवाली होती.” त्याच ज्वारीची भाकर दुधात कुस्करून मी तुला भरवली, आणि तू सगळी खाल्लीस.

त्या दिवसापर्यंतचे मी कसेबसे चूक म्हणून मांडू शकते. हात लहान होता, मन ठिकाणावर नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे कळलेले असताना, मी डब्यावर हात नेला आणि मूठ तशीच आवळलेली पडली. काऊन, ते मला सांगता येत नाही. कोर्टात तो हातांकडे का पाहत राहिला, ते मात्र मला समजते.

तू गेल्यावर ती लेकरांना घेऊन माहेरी, बीबी गावाला गेली. ती निघाली तेव्हा मी दवाखान्यात होते आणि बाहेर आले नाही. येत्या रविवारी बीबीला जायचे मी ठरवले आहे. याआधीही ठरवले होते. आज सकाळी शेवटी पंजा सैल केला, आणि गाडग्याशेजारी एक डबा मांडून त्यातही टाकली. जरासं वाटले. उद्या पुन्हा टाकावी लागेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून राहिलेलेही लिहिते. तिने ज्वारी आणून दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी, डब्याचे झाकण लावून मी वळले, तेव्हा तू डावा हात पांघरुणाबाहेर काढला होतास. माझ्याकडे पाहत तू मूठ आवळलीस आणि उघडलीस. पुन्हा आवळलीस आणि उघडलीस, आणि हात तसाच उघडा ठेवलास. मी विचारले, “पानी पाह्यजे का?” आणि चमच्याने तुला पाणी पाजले. तू ते प्यालीस. माय, तू पाणी मागत नव्हतीस, हे मला तेव्हाच समजले होते.