अकरा बिऱ्हाडांची सावड आणि कडक भाकरी

सोलापूर,
रविवार सकाळ (नळाची वाट बघत)

तीर्थस्वरूप अण्णा आणि सोजरवहिनी यांना,

धाकट्या माउलीचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत. आठवं मनाने टेकलं असं समजावं.) इकडे सगळे बरे आहेत. गोजर बरी आहे, म्हणजे माझ्यावर चिडण्याइतकी तरी बरी आहे. ऋतुजा पुण्यात परीक्षेच्या अभ्यासाला बसली आहे आणि आम्ही तिच्या निकालाला बसलो आहोत. तुमची कंबर कशी आहे? वहिनींनी डोळे दाखवले का? काळी म्हैस व्याली का? या सगळ्याची उत्तरं फोनवर मिळाली असती, पण या आठवड्यात मी सात वेळा फोन लावला आणि सातही वेळा तुमचा दिग्विजय म्हणाला, "आप्पा रानात हायत." सकाळी सातला रानात, भर दुपारी रानात, जेवणाच्या टायमालाही रानात. अण्णा, मी धाकटा असलो तरी इतका धाकटा नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. फोन न उचलता ठेवता येतो, पण पत्र पोस्टमन दारात टाकतो आणि वहिनी ते वाचून दाखवल्याशिवाय राहत नाहीत.

गड्ड्याची जत्रा उरकली त्या आठवड्यात तुम्ही फोन केला होता. शिवरात्रीच्या पुढे जोंधळा काढायचा आहे, यंदा माणसं मिळत नाहीत, चार दिवस ये, इतकंच म्हणालात. मी "बघतो" म्हणालो आणि संध्याकाळी दिग्विजयच्या फोनवर पाच हजार पाठवून दिले. मला वाटलं, चला, भावाचं काम झालं. चौथ्या दिवशी मंगळवेढ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरने स्टँडवर बोलावून माझ्या हातात पाकीट ठेवलं. आत पाच हजार, आणि वहीच्या पानावर तुमचं अक्षर: "मजूर लागला तर मी मजूर बगीन. मी भावाला बोलावलं हुतं." ती चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या घरात आहे. चष्मा काढायला जावं की आधी चिठ्ठी हाताला लागते. त्याच चिठ्ठीबद्दल लिहायला बसलो आहे, पण मधे एक भानगड सांगणं भाग आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहायला तोंड नाही.

(मधेच उठून गॅलरीत जाऊन आलो. पाणी नाही.)

रिटायर होऊन मला आठ महिने झाले. चौतीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलो तेव्हा उठावंसं वाटायचं, आता उठायला मोकळा आहे तर कुठं जावं ते कळत नाही. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. मसाल्याचे डबे मी अक्षरांच्या क्रमाने लावले, त्या दिवसापासून गोजरने मला ओट्याजवळ बंदी केली आहे. तुमची चिठ्ठी आल्यावर तर बसणं पूर्णच गेलं. अशात ऋतुजाने मागे ठेवलेलं एक जाडजूड पुस्तक सापडलं. मूळ माणूस कसा होता आणि त्याचं असं कसं झालं, त्याची सगळी हकिकत त्यात आहे. थोडक्यात अशी की आधी माणसं टोळीने फिरायची, सापडेल ते वाटून खायची. मग शेती आली. धान्य उरलं, उरलं म्हणून साठवलं, साठवलं म्हणून राखणदार ठेवला, आणि राखणदाराने मिशीला पीळ देऊन विचारलं की मी राजा का नको? राजाला धान्य मोजायला कोणीतरी लागलं, म्हणून सगळ्यात शेवटी कारकून आला. (हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. चौतीस वर्षं मीच तो शेवटचा माणूस होतो की.)

पण अण्णा, पुस्तकात सावड नाही! एवढ्या जाड पुस्तकात आपल्या तात्यांची सावड नाही. आज चार घरांनी आपल्या रानात, उद्या आपण त्यांच्या रानात, दिवसाला दिवस, मजुरी नाही, ज्याचं रान त्याच्या घरची भाकरी. मला एकदम उजेड पडला. माणूस जिथं चुकला तिथूनच त्याला मागे फिरवायचं, आणि तेही आमच्या सोसायटीतल्या अकरा बिऱ्हाडांपासून. (खरं लिहितो, माणसाच्या कल्याणापेक्षा तुम्हाला दाखवायचं होतं की माउली सावड विसरलेला नाही.)

तर गच्चीवर मीटिंग घेतली. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा व्हॉल्व्ह फिरवणं, टाकी धुणं, जिना झाडणं, कोणाचा गॅस आणणं, कोणाचा अर्ज भरणं अशी कामं पुष्कळ. मी म्हटलं, झाडणारा-बिडणारा कोणी नको, आपण सावडीने करू. खालच्या मजल्यावरचे गुरुलिंग, एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यांनी विचारलं, "म्हंजे फुकाट?" मी म्हटलं, फुकट नाही, दिवसाला दिवस. पहिला रविवार असा गेला की काय सांगू. अकरा घरांतली माणसं टाकीत उतरली, कोणी खराटा मारतंय, कोणी बादली ओढतंय, तळाशी कोणाचा तरी हरवलेला चष्मासुद्धा सापडला. मग सगळ्यांनी गच्चीवरच जेवण केलं. मूळ माणूस मला डोळ्यांनी दिसला, अण्णा. त्याच्या हातात ठेचा होता.

दुसऱ्या रविवारी शेती आली म्हणायची. दुसऱ्या मजल्यावरच्या ईश्वरप्पांनी चार घरांचे अर्ज भरले आणि म्हणाले, हे टाकी धुण्याच्या बरोबरीचं. गुरुलिंग म्हणाले, बसून केलेलं काम आणि उभ्याने केलेलं काम एक नव्हे, मी बत्तीस वर्षं उभ्याने काढली आहेत. दोन दिवस जिन्यात वाद. रानात हे कसं होत नाही? रानात सगळे एकाच ओळीत वाकलेले असतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला सुचलं ते असं की खूण पाहिजे. एका तासाच्या कामाला एक खूण. कागदाची केली तर कोणीही लिहील. गुरुलिंगांनी जुनं तिकीट पंच काढून आणलं, पण तिकिटं कुठून आणायची? शेवटी आमच्या शेजारच्या चंद्रव्वा, मूळ मैंदर्गीच्या, त्यांच्या भाकरीवर सगळ्यांचं एकमत झालं. त्यांची कडक भाकरी पापडासारखी पातळ, वर तीळ आणि कडेला तीन बोटांचे ठसे. महिनाभर टिकते आणि तशी दुसऱ्या कोणाला जमत नाही. चंद्रव्वा आधी "ब्याड, ब्याड", म्हणजे नको, नको, म्हणत हात झटकत होत्या. पण सगळे मिळून करतायत म्हटल्यावर त्यांनी रोज पहाटे तवा चढवला. अशी आमच्या सोसायटीत नाण्याची टांकसाळ सुरू झाली.

मग जे व्हायला पुस्तकात दहा हजार वर्षं लागली ते आमच्याकडे सोळा दिवसांत झालं. ईश्वरप्पांनी अर्ज भरून भरून बेचाळीस भाकऱ्या जमवल्या आणि स्कूटर पुसायला माणसं लावली. भाकरी साठली म्हणून उंदीर आले. उंदीर आले म्हणून गुरुलिंग राखणीला बसले आणि दहा भाकऱ्यांमागे एक घेऊ लागले. कोणी काही बोललं की ते पंच खटखट वाजवायचे. भाकरी मोडली तर तिची किंमत अर्धी की शून्य, यावर दोन बायकांनी बोलणं सोडलं. मी मात्र रोज वर-खाली करत होतो, सांगत होतो की हा मधला काळ आहे, पुढे सुधारेल. (गोजर म्हणाली, तुमचा पुढचा काळ येईस्तोवर माझ्या घरात मुंग्या आल्यात.)

आणि मग भाकऱ्या वाढल्या. चंद्रव्वांनी केल्या होत्या नव्वद, घराघरांत निघाल्या एकशे अठ्ठावीस. जास्तीच्या अडतीस अगदी गोल, तीळ सारखे पेरलेले, बोटांचे ठसे नाहीत. खोट्या! जिन्यात चौकशी बसली. हा उद्योग कोणी केला ते कळलं नाही, आणि माझं मत विचाराल तर अशा गोष्टींची फार खोल चौकशी करू नये. पण परिणाम बघा. प्रत्येकाच्या घरात भाकऱ्यांची चळत, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं की कामाला दुसरा कोणीतरी लावू. बुधवारी सकाळी पाणी आलं. व्हॉल्व्ह फिरवायची पाळी ज्यांची होती त्यांनी दोन भाकऱ्या देऊन ती वरच्यांना दिली होती, वरच्यांनी तीन देऊन खालच्यांना. अकरा बिऱ्हाडं हातात भाकरी घेऊन जिन्यात उभी, व्हॉल्व्हपाशी कोणी नाही. पाणी आलं तसं गेलं. पुढचे चार दिवस आम्ही कसे काढले ते लिहीत नाही, वहिनी पत्र जेवताना वाचतात. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून पगारी माणूस ठेवला, आणि आमचं नाणं आमटीत कुस्करून खाल्लं. शेंगाचटणी ईश्वरप्पांनी दिली. राज्य बुडालं, पण जेवण चांगलं झालं.

तर माणसाची रचना सुधारणं माझ्या हातचं नाही, एवढं कळलं. वहिनींना नमस्कार, दिग्विजयला आशीर्वाद. थांबतो. (थांबवत नाही, पण लिहायची रीत आहे.)

तुमचा धाकटा,
माउली

ता. क. पाकीट चिकटवलं होतं ते फोडून लिहितो. अण्णा, त्या अडतीस भाकऱ्या माझ्या. दुसऱ्या रविवारनंतर माझी पाळी पुन्हा टाकीची आली. गुडघ्याचं निमित्त होतं, खरं म्हणजे कंटाळा होता. बाजारातून कडक भाकऱ्यांची चळत विकत आणली आणि माझ्या पाळ्या लोकांना वाटल्या. घरात बसून मूळ माणसाबद्दल वाचत होतो. पाणी गेलं त्या संध्याकाळी चंद्रव्वांकडे जाऊन कबूल केलं. वाटलं, ओरडतील. त्या तवा घासत होत्या. एवढंच म्हणाल्या, "भाकरी बाजारात मिळती की, माउली. मला काय ठावं नव्हतं व्हय? तुमी समदी येताव म्हनून मी थापत हुते." मी तसाच घरी आलो, चष्म्याचं घर उघडलं आणि तुमची चिठ्ठी पुन्हा वाचली. मला लाज वाटली, अण्णा. दोन्हीकडे मी एकच केलं.

ता. क. दुसरा. तात्या गेल्यापासून एकोणीस सुग्या झाल्या. प्रत्येक सुगीला आपल्या रानात सावडीला लोक आले, आणि त्यांच्या रानात माझ्या वाट्याचे दिवस तुम्ही जाऊन आलात. हे मला माहीत होतं. माहीत नाही असं दाखवत आलो. येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीने येतो. पैसे आणत नाही. ओळीत मला तुमच्या शेजारी उभं करा. जोंधळ्याची चार ताटं उपटून खाली बसलो तरी हाकलू नका. हो म्हणायला फोन करू नका, नाहीतर मी फोनवरच काहीतरी बोलून बसेन. नको असेन तर दिग्विजयला स्टँडवर पाठवा, मी तिथूनच परत फिरेन.

ता. क. तिसरा, गोजरचा. सोजरअक्का, मी गोजर लिवतीय, हे पाय मोकळे करायला खाली गेलेत. ह्यांचं लई मनावर घेऊ नका, पर येऊ द्या. जोंधळा उपटायची सवय व्हावी म्हनून ह्यांनी कुंडीतली माझी सगळी शेवंती मुळासकट उपटलीय. रानात ह्यांना बांधावर सावलीला बसवा, पानी वाटायला लावा, चालंल. खरं कामाला आमी येतोय. मी, गुरुलिंग, ईश्वरप्पाची बायको आन चंद्रव्वा, अशी चौघं. चंद्रव्वाला म्हनलं, तुमास्नी काय द्यायचं? तर म्हनली, काय नको, मैंदर्गीला माझ्या भावाची तूर काढायला पुढच्या साली तुमी समदी या. गुरुलिंगानं लगेच हात वर केला. हे ह्यांना अजून सांगितलं न्हाय. सांगितलं तर मीटिंग घेतील.