पाळणाघराचा कॅमेरा

सोमवार, ४ मार्च
पुन्हा तेच! पाळणाघराची साइट उघडली की लॉगिनचं पान, ते उघडायला गेलं की परत लॉगिनचंच पान — शेवटी ब्राउझर हात टेकतो. आईबापांना कॅमेऱ्यावर पोरं दिसेनात. पाळणाघराच्या बाई फोनवर — "अगं, पालकांनी डोकं खाल्लंय माझं." माझी चिऊही तिथंच असते, म्हणून तर साइट बनवायचं नि सांभाळायचं हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मंगळवार, ५ मार्च
पायथनमध्ये प्रत्येक पान चालवणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर मी एक जादा ओळ, म्हणजे डेकोरेटर, चढवलाय. काम राखणदाराचं: लॉगिन नसेल त्याला लॉगिनच्या पानाकडे पिटाळायचं. आज वैतागून सगळ्या पानांवरची ती ओळ उचलली आणि पानाचा पत्ता नोंदवणाऱ्या ओळीच्या वर नेऊन टाकली. थांबलं एकदाचं ते गरगरणं! का थांबलं, ते बघायचं त्राण नव्हतं. चिऊला भरवताना मलाच डुलकी लागली. नवरा म्हणाला, "आता पुरे." पुरे तर पुरे.

बुधवार, ६ मार्च
तक्रार नाही. बाई खूश. मी झोपले.

सोमवार, ११ मार्च
साइटच्या नोंदी चाळत होते — कोणीतरी लॉगिन न करताच कॅमेरा बघतंय. रोज, दुपारभर. तोही फक्त छोट्यांच्या खोलीचा. चिऊच्या खोलीचा.

चूक माझीच. पत्त्याची ओळ तिच्या खाली जे असेल तेवढंच नोंदवते. राखणदाराला मी वर नेलं, तो नोंदीत आलाच नाही. दार सताड उघडं! आणि मुळातला घोळ वेगळाच — राखणदार मी लॉगिनच्या पानावरही बसवला होता. म्हणजे लॉगिन करायलाही आधी लॉगिन हवं. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

दोन्ही दुरुस्त केलं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोण बघत होतं ते शोध. पालकांना मी काय तोंड दाखवू?"

मंगळवार, १२ मार्च
शोधून शोधून थकले. नोंदीत त्याच्या इंटरनेट-पत्त्याचे आकडे सापडतात, माणूस सापडत नाही. चिऊला घरीच ठेवलं, कामाला दांडी मारली. ती मजेत, मी मात्र दाराची कडी दोनदा तपासली. भीती वाटते आहे.

गुरुवार, १४ मार्च
बाबांचा फोन. माझ्या लग्नानंतर बोलणंच टाकलं होतं त्यांनी, नातीचं तोंडही पाहिलेलं नाही. साइटची लिंक मी आईला मागे कधीतरी पाठवली होती.

"सोमवारपासून चिऊ दिसत नाही," म्हणाले. "बरी आहे ना ती?"