दौऱ्यावर

जावईबापू,

हे संबोधन घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत वैध आहे, म्हणून वापरतो.

तुम्ही घर सोडल्याचे मुलांना शिशिरातल्या सहलीत तुम्ही स्वतः सांगणार, तोवर ‘बाबा दौऱ्यावर आहेत’ एवढेच म्हणावे, ही अट तुमची होती. आम्ही ती पाळली. सहलीच्या सकाळी तुमचा निरोप आला, “जमत नाही.” कारण दिलेच नव्हते, त्यामुळे ते खोडण्याचीही सोय उरली नाही. मुलांना घेऊन मी एकटाच निघालो.

किल्ल्यात, पाचोळ्याने झाकलेल्या चौकात वाटाड्याने सांगितले, की इथला राजा मोहिमेवर गेला तो परतलाच नाही. धाकट्याने लगेच विचारले, “म्हणजे आमच्या बाबांसारखा दौऱ्यावर?”

लोक हसले. तुमची लेक हसली नाही.

“गप रे! दौऱ्यावरची माणसं फोन करतात.”

मग राणीमहालाच्या पायरीवर ती माझ्याशेजारी येऊन बसली. “आजोबा, याला मीच सांगू का? तुम्ही मोठी माणसं फार घोळ घालता.”

“ते तुझ्या बाबांचं काम आहे.”

“येणार आहेत का ते?”

आयुष्यभर मी वादविवाद शिकवला, आणि त्या क्षणी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. ती भावाला तोफेजवळ घेऊन गेली आणि त्याला सगळे सांगितले. तो रडला नाही. त्याने एवढेच विचारले, “आई तरी राहणार ना?”

येत्या रविवारी येऊन मुलांशी बोला, असे तुम्हाला बजावण्यासाठी लिहायला बसलो होतो. पण ते काम तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीने उरकले आहे. तेव्हा हे पत्र पाठवण्याचे प्रयोजन उरत नाही.

तुमच्या मुलांचा आजोबा