पांढऱ्या शर्टाचा पुरावा

मिल्टन कीन्स,
शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

ती. सौ. मीनलमामींना,

अक्षयाचा वाकून नमस्कार (माझ्या खोलीत नीट वाकायला जागा नाही, पण भाव पोचला असं समजावं).

मामी, जो खेळाडू अख्ख्या सामन्यात चेंडूला एकदाही हात लावत नाही, तो चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? मला उत्तर येत नाही. गंमत अशी, की पगार मला याच प्रश्नाचा मिळतो.

तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी कळशी उचलू नका म्हणून बजावलंय आणि तुम्ही ती उचलत असणार, हे मला इथे बसून दिसतं. मामांना उचलायला सांगा. (मी सांगितलं असं सांगू नका.)

मामा इस्लामपूरभर सांगत फिरतात की भाची लंडनला बँकेत आहे. लंडन इथून ट्रेनने पाऊण तासावर आहे आणि बँक आमच्या ऑफिसच्या खाली आहे, म्हणजे अगदीच खोटं नाही. खरं काम असं. अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे, ज्यात पायाचा संबंध फारसा येत नाही. एक मुलगा चेंडू फेकतो आणि त्याच्यापुढे पाच आडदांड मुलं भिंतीसारखी उभी राहतात. समोरून तितकीच आडदांड मुलं फेकणाऱ्याला लोळवायला धावून येतात. या पाचांनी त्यांना तीन-चार सेकंद अडवायचं, बास. चेंडू, टाळ्या, फोटो, सगळं मागच्याचं. तिथल्या शाळा सामन्यांच्या डीव्हीडी पाठवतात, त्या पाहून मी या भिंतीतल्या मुलांना एक ते पाच तारे देते. तारे एका अमेरिकन वेबसाइटवर जातात, ते पाहून कॉलेजं मुलं निवडतात, आणि निवडलेल्याचं शिक्षण फुकट होतं. एवढं मोठं काम गोल चौकांच्या या गावात माझ्यासारखीकडे कसं आलं, हे विचारू नका. मी संख्याशास्त्र शिकले तेव्हा यासाठी शिकले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात मी एकाला पाच तारे दिले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, प्रत्येक वेळी नेमक्या जागी हजर, आणि कोणी त्याच्या अंगाला हात लावायला धजत नव्हतं. तो पंच निघाला. आमचे साहेब, वीर, दोन दिवस हसत होते. (हे इथेच जन्मलेले मराठी गृहस्थ. माझ्याशी आवर्जून मराठीत बोलतात, तेव्हा मी कधी पुरुष असते, कधी बाई.) मग खेळ समजावा म्हणून मी घरी प्रयोग केला. माझ्याबरोबर राहणाऱ्या मंजिरीला फ्रिजसमोर उभं केलं आणि म्हटलं, मला दूध घेऊ देऊ नकोस. ती नागपूरची, शब्दाला पक्की. दूध मिळालं नाही, पण झटापटीत ओट्यावरचं तिचं सांबारवडीचं (म्हणजे कोथिंबिरीचं) सारण माझ्या डोक्यावर आलं, ते केसांतून निघायला रविवार गेला. पण एक कळलं: अडवणाऱ्याची छाती पाहायची नाही, पावलं पाहायची. मंजिरीची पावलं माझ्याआधी पोचत होती.

आणि मग एकाहत्तर नंबर आला. ओक्लाहोमातल्या एका लहानशा गावचा मुलगा. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हा बिचारा दर वेळी चौकटीबाहेर राहतो. दिसला तर पाडलेल्याला हात देऊन उठवताना दिसतो. सोबत त्याच्या शिक्षकांची चिठ्ठी होती: घरातून कॉलेजला जाणारा हा पहिलाच असेल, जर गेला तर. ते वाचून मी चहा खाली ठेवला. (तारे देणाऱ्याने चिठ्ठ्या वाचू नयेत असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे.)

म्हणून मी चिठ्ठी बाजूला ठेवून पुरावा शोधला, तो तुमच्याकडून शिकलेला. शर्ट पाहून कोण कुठे लोळून आलंय हे तुम्ही धुणं भिजवतानाच सांगायचात. त्या संघाचे शर्ट पांढरे. नऊ सामन्यांत फेकणाऱ्या मुलाचा शर्ट शेवटपर्यंत जवळजवळ कोरा. दहाव्यात एकाहत्तर आजारी होता, बाकीचे चौघे तेच, मैदान तेच, चिखलही तसाच. मध्यंतरापर्यंत त्या शर्टावरचा नंबर वाचता येईना.

वीरना दाखवलं. ते म्हणाले, "अक्षया, ती बॉय शॉर्ट आहे. सिक्स-वन. सहा-तीनच्या खाली टू स्टार्स, फिनिश."

मी म्हटलं, "शर्ट तर बघा."

"कॉलेजेस शर्ट नाही बघत. हाइट बघतात."

"मग पाच फुटांच्या मुलीला तुम्ही का ठेवलंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दुसरी कोणी आलाच नाही," म्हणाले.

दोन ताऱ्यांवर कोणतंही कॉलेज ढुंकून पाहत नाही, मामी. तो मुलगा घरीच राहील.

मला तुमचा दरवाजा आठवला. शेवटच्या वर्षाचा पेपर उद्यावर, आणि मामांनी पाहुणे आणलेले. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून, आत पोरीला कांजिण्या आल्यात, असं इतक्या शांतपणे सांगितलंत की पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. मामा वर्षभर तुमच्याशी धड बोलले नाहीत. आणि मी घरातली पहिली पदवीधर झाले. त्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी आहे, मामा आहेत, आणि कडेला माझी पर्स धरलेला तुमचा फक्त हात आहे.

तर तुम्हीच सांगा, काय करू? नियम मोडणं मला पटत नाही, आणि हा उंचीचा नियमही पटत नाही. सावकाश विचार करून कळवा.

तुमची,
अक्षया

ता. क. : मामा मला फोन करायला निघाले तर त्यांना या महिनाअखेरपर्यंत अडवून धरा. नोकरी गेलीच तर मला परत यावं लागेल, आणि त्यांची पाहुण्यांची यादी तयारच असते. कांजिण्या वापरून झाल्यात, दुसरं काही शोधा. कळशी मात्र उचलू नका.

ता. क. २ : तुमचं उत्तर यायला दहा दिवस लागतात हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. तसा ताऱ्यांचा फॉर्म काल संध्याकाळीच गेला. एकाहत्तरला चार तारे. कारणाच्या रकान्यात शर्टाची सगळी हकीकत लिहिली आहे, आणि खाली, जिथे नेहमी वीरचं नाव असतं, तिथे माझं घातलं आहे.